अमिनाच्या हातची माशी

चौक मंडई, नाशिक
ता. १४ नोव्हेंबर १९३७

प्रिय अमिना,

पुष्कळ दुआ. अक्षर गोरक्ष मास्तरांचं आहे, बोल माझे आहेत. मास्तर आपल्या दुकानाच्या ओट्यावर मांडी घालून बसलेत आणि मी सांगेन तसं लिहून घेतायत. मी मध्येच उर्दूत शिरलो की ते टाक वर उचलतात आणि म्हणतात, "रहेमानभाई, मराठीत सांगा. कळवणला वाचणारे मराठीच वाचतात." तर मराठीत सांगतो. चुकलं तर ते दुरुस्त करतील, पण मी सांगितल्याहून एक शब्दही कमी-जास्त लिहायचा नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

कळवणहून तुझं कार्ड मिळालं. लग्नाला आठ महिने झाले, सहा कार्डं आली, आणि सहाही कार्डांवर "सर्व खुशाल, काळजी नसावी" याखेरीज काही नाही. तू इतकी कमी बोलणारी कधीपासून झालीस? इथे असताना कामात डोकं घालून बसायचीस, पण तोंड चालूच असायचं. असो. इथे माझी तब्येत बरी आहे. डोळ्यांचं आहे तसंच आहे. माणूस ओळखू येतो, त्याचा चेहरा ओळखू येत नाही. गोंडे बांधायचं काम हाताच्या सवयीवर चालतं, मणी ओवायचं काम मी सोडलं.

आज मी तुला तुझीच हकिकत सांगणार आहे. तुला ती माझ्याहून चांगली ठाऊक आहे. तरी पहिल्यापासून सांगतो.

आपण पटवेकरी. सोनारानं घडवलेलं रेशमात ओवायचं, गोफ विणायचे, गोंडे बांधायचे, हेच माझ्या आजापासून चाललेलं. तुझी अम्मा गेली तेव्हा तू नऊ वर्षांची. घरात एकटीला ठेवायचं कसं, म्हणून मी तुला दुकानाच्या आतल्या खोलीत माझ्याजवळ बसवायचो. बसल्या बसल्या तू रेशमाला पीळ द्यायला शिकलीस. डाव्या हातानं द्यायचीस. मी दोन-तीनदा हात बदलून दिला, मग नाद सोडला.

बत्तीस सालच्या उन्हाळ्यात देवळाली कँपातल्या मेजरसाहेबांचा खानसामा एक पत्र्याची डबी घेऊन आला. डबीत विलायती गळ होते आणि प्रत्येक गळाभोवती पिसं, रेशीम, जर गुंडाळून केलेली एकेक माशी. साहेब दर वर्षी रजा घेऊन काश्मिरात जात. तिथे बर्फाच्या पाण्याच्या नद्यांत ट्राउट नावाचा मासा सोडलेला आहे. हा मासा गांडुळाला भुलत नाही, पाण्यावरच्या आणि पाण्यातल्या किड्यांवर जगतो. म्हणून त्याला फसवायला पिसांचा किडा. साहेबांच्या आवडत्या माशीचं रेशीम सुटलं होतं आणि खानसाम्याला कोणीतरी सांगितलं होतं की रेशमाची गाठ रहेमान पटवेकऱ्यासारखी नाशकात कोणी मारत नाही. मी ती बांधून दिली. मेण लावलेलं रेशीम, शेवटचा वेढा आत घेतलेला, वरून चपडी लाखेचा थेंब. पुढच्या महिन्यात साहेब स्वतः टांग्यातून आले आणि म्हणाले, आता नव्या बांधून दे.

दीड वर्ष मी बांधल्या. त्या माझ्या होत्या आणि चांगल्या होत्या, हे मी आजही सांगेन. मग डोळे गेले. एकदम नाही गेले. आधी सुईचं भोक गेलं, मग पिसाची काडी गेली, मग गळाचं टोक. मी कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. अंदाजानं बांधत होतो आणि साहेब तर आणखीच खूश होते. मला वाटायचं, डोळे गेले तरी हात अजून शाबूत आहे.

एके दिवशी पाठवायच्या डबीतली एक माशी मी सहज बोटानं चाचपून पाहिली. वेढे उलटे होते. मी उजव्या हातानं बांधतो, माझा वेढा माझ्यापासून पलीकडे जातो. हा पलीकडून माझ्याकडे येत होता. दुसरी चाचपली, तीही तशीच. सगळी डबी तशीच. मी बांधलेल्या माश्या मी नमाजला गेलो की तू सोडायचीस आणि पुन्हा बांधून ठेवायचीस. किती महिने चाललं होतं, खुदा जाणे. तू मला अक्षरानं बोलली नव्हतीस आणि मीही नाही बोललो. दुसऱ्या दिवशी सोनाराकडून आणलेला माझा छोटा शिकंजा मी खिडकीजवळ उजेडात तुझ्या बाजूला सरकवून ठेवला, इतकंच. तू पण काही विचारलं नाहीस. शिकंज्यात गळ पकडलास आणि कामाला लागलीस. तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस.

मास्तर इथे थांबलेत. म्हणतात, "हे मला तुम्ही चार वर्षांत सांगितलं नाहीत." मास्तर, लिहा पुढे.

तिथून पुढे देवळालीला जे जे गेलं ते तुझं. त्यातल्या दोन गोष्टी मला सांगायच्याच आहेत. पहिली त्या लांब माशीची. साहेबांच्या अमेरिकेतल्या दोस्तानं त्यांना एक नमुना पाठवला. तिला ते स्ट्रीमर म्हणतात. ती किड्याची नक्कल नाही, लहान माशाची आहे. गळाच्या दुप्पट लांब दोन पिसं पाठीवर निजवलेली, पाण्यात ओढली की पिसं मिटतात-उघडतात आणि मासोळी पोहते आहे असं दिसतं. तू घंगाळात पाणी भरून दोरीनं ती माशी इकडून तिकडे ओढलीस आणि म्हणालीस, "अब्बा, हिला डोळा नाही. डोळ्याशिवाय मासोळी कसली?" हरसूलहून सोमा आणि त्याची बायको भागीबाई डोंगरातला मध, हिरडा घेऊन बाजाराला यायचे. सोमाच्या पाटीत रानकोंबड्याची मान होती. त्या मानेच्या पिसांवर मेणाचा थेंब गोठावा तसा पिवळा-पांढरा चकचकीत ठिपका असतो. तू ते पीस उचललंस, माशीच्या डोक्याशी दोन्ही बाजूंनी एकेक बांधलंस आणि मासोळीला डोळा आला. विलायतेतले लोक ही पिसं फार पूर्वीपासून वापरतात, असं साहेबांनी मला पुढे सांगितलं. पण तुला ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

सोमानं ती माशी एक दिवसासाठी मागून नेली. पुढच्या बाजाराला आला तो वाटेतूनच ओरडत. "चाचा, पोरीनं काय बांधलंय! डोहात टाकली नाय टाकली तं हातभर मरळ लागली. गळ तोंडात, अन् मरळ अजून माशीच चावते!" मंडईतले लोक हसले. सोमा मात्र हसला नाही, त्यानं माझ्यासमोर माशी ठेवली आणि तुझ्याकडे बोट करून म्हणाला, "ही हिची हाय ना?" डोंगरातल्या माणसाला एका नजरेत कळलं. मी मान डोलावली, तीही अशी की हो आहे की नाही ते कळू नये.

दुसरी गोष्ट निम्फची. पाण्यातला किडा पंख फुटायच्या आधी दगडाखाली राहतो, त्याला निम्फ म्हणतात. ट्राउट सगळ्यांत जास्त तोच खातो. साहेबांनी काश्मिरातून स्पिरिटच्या बाटलीत असे किडे आणून दिले आणि म्हणाले, हे बघून बांध. तू पंधरा दिवस बांधत होतीस आणि पंधरा दिवस चिडत होतीस. भागीबाईनं बाटली हातात घेतली आणि नाक मुरडलं. "मेलेलं काय बघतेस पोरी? आमचे वव्हळात दगडाखाली असलीच किडी रेहतात. जिती बघाया ये."

आपण गेलो होतो. आठवतं? सोमाच्या बैलगाडीतून, दिवाळी झाल्यावर, भातं कापून झाली होती. तू सलवार गुडघ्यापर्यंत वर घेऊन थंड पाण्यात उभी आणि भागीबाई एकेक दगड उलटा करून तुझ्यापुढे धरतेय. मी काठावर बसलो होतो, मला काही दिसत नव्हतं, तू ओरडून सांगत होतीस. पाठ काळपट आहे पण पोट फिकं आहे. पाठीवर पंखांची गाठोडी आहे. शेपट्या तीन आहेत. आणि अब्बा, कुशीला बारीक बारीक झालरी आहेत, त्या सारख्या थरथरतायत, बाटलीतल्या चिकटून गेल्या म्हणून दिसल्याच नाहीत! तो तुझा आवाज माझ्या कानात आहे. माझ्या वडिलांनी मला पेशव्यांच्या काळच्या एका चिंचपेटीच्या गोफाचा पीळ उलगडून दाखवला होता, तेव्हा माझा आवाज तसा झाला असेल.

घरी येऊन तू पोटाला सशाचे केस घेतलेस, मेणाच्या रेशमावर पिळून. तांबट आळीतून केसासारखी तांब्याची तार आणलीस, वजनाला आणि अंगावरच्या कड्यांना. पाठीला मोराच्या पिसाचे दोन काळपट तंतू. आणि सगळं झाल्यावर सुईनं कुशीचे केस उपसून मोकळे केलेस, पाण्यात थरथरावेत म्हणून. विलायतेहून येणाऱ्या माश्या नीटनेटक्या असतात, त्यांचा एक केस बाहेर दिसत नाही. तुझी विस्कटलेली होती. मला तर भीती वाटली की साहेब परत पाठवतील. साहेब त्या सालच्या रजेहून आले ते स्टेशनावरून घरी न जाता आपल्या दुकानावर आले. म्हणाले, "रहेमान, ज्या डोहात तीन वर्षं मला रिकाम्या हातानं परत यावं लागलं, तिथे तुझ्या या झिपऱ्या माशीला पहिल्या फेकीला मासा लागला." माझ्या पाठीवर थाप मारली. तू आतल्या खोलीत पडद्यामागे होतीस. मी थाप घेतली.

आता देवळालीचा दिवस. हा नीट लिहा, मास्तर, यात एकही गोष्ट गाळू नका.

गेल्या साली मार्चमध्ये साहेबांकडे लंडनहून एक म्हातारे गृहस्थ आले होते. मासे धरायच्या सामानाचं त्यांचं मोठं दुकान आहे. मला बोलावणं आलं, सगळे नमुने घेऊन ये. मला आता डबीतली एक माशी दुसरीपासून ओळखता येत नव्हती, म्हणून तुला बरोबर नेलं. सकाळचे दहा वाजले असतील. व्हरांड्यात मेमसाहेब, मेजरसाहेब, ते म्हातारे, खानसामा आणि आपण दोघं. तू बुरख्यात पायरीवर बसली होतीस आणि मी मागेन ती डबी हातात देत होतीस. म्हाताऱ्यांनी भिंग काढलं, बराच वेळ निम्फ बघितली आणि म्हणाले, ही डावखुऱ्या माणसानं बांधली आहे. मेजरसाहेबांनी मला तसं हिंदीत सांगितलं आणि माझ्या हाताकडे बघितलं. माझ्या उजव्या हातात चिमटा होता. मी म्हणालो, "साहेब, आमच्यात अशीच रीत आहे." खोटं बोललो. म्हातारे हसून म्हणाले, मग एक बांधून दाखव.

टेबलाला शिकंजा लावला. पहिल्यांदा रेशीम तुटलं. दुसऱ्यांदा गळाचं टोक बोटात गेलं. तिसऱ्यांदा मी पीसच उलटं लावलं आणि मला ते कळलंही नाही, मेमसाहेबांनी नजर दुसरीकडे फिरवली त्यावरून कळलं. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला. तेव्हा माझ्या खांद्याला हात लागला आणि तू म्हणालीस, "अब्बा, सरका जरा."

तोंडावरचा नकाब तू काढला नाहीस, फक्त बाह्या मागे केल्यास. मेमसाहेबांनी ओतलेला चहा अजून वाफाळत होता तेवढ्यात माशी झाली. शेवटी तू सुईनं केस मोकळे केलेस आणि पाण्याच्या ग्लासात सोडलीस. ते म्हातारे गृहस्थ खुर्चीवरून उठले आणि तुझ्यापुढे त्यांनी डोक्यावरची हॅट काढली. अमिना, मला चेहरे दिसत नाहीत, पण हॅट खाली गेलेली दिसली. मी साठीला आलोय, एवढ्या वर्षांत आपल्या कसबापुढे कोणी अशी मान झुकवलेली मी पाहिली नव्हती. त्या घडीला माझ्या छातीत काय झालं ते मला उर्दूतही सांगता येणार नाही.

आणि लगेच मी काय केलं ते ऐक. त्यांनी विचारलं, हिला कोणी शिकवलं? मी म्हणालो, "मी. सगळं मीच शिकवलं." तू मान खाली घातलीस. वेढा मारायला मी शिकवला होता, ते खरं. डोळा मी नव्हता शिकवला. थरथरणारे केस मी नव्हते शिकवले. मेजरसाहेबांनी नंतर शाबासकीचा कागद पाठवला, त्यावर माझं नाव. तो मी तसबीर करून दुकानात लावला. तू रोज ती तसबीर पुसायचीस.

मास्तरांनी टाक खाली ठेवलाय. म्हणतात, "रहेमानभाई, हे खरंच जाऊ द्यायचं का पत्रात?" जाऊ द्या.

आता बातमी. लंडनच्या त्या गृहस्थांनी उन्हाळ्यात पत्र पाठवलं होतं की ही निम्फ आमच्या दुकानाच्या छापील यादीत घालायची आहे, तिला नाव काय द्यावं. पत्र मास्तरांनी वाचून दाखवलं. मी दोन दिवस जवाब दिला नाही. तिसऱ्या दिवशी मास्तरांकडून इंग्रजीत एक ओळ लिहवून घेतली, की जिनं बनवली तिचं नाव अमिना आहे. परवा यादी आली. तिसाव्या पानावर तुझ्या माशीचं चित्र आहे आणि खाली "अमिनाज निम्फ, नाशिक" असं छापलंय. मास्तरांनी माझं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं. दूधवाला, पानवाला, समोरचे तांबट, मशिदीतले मौलवीसाहेब, सगळ्यांना मी पान उघडून दाखवलं. काल झुंबरबाई भाजी घेऊन आली तिलाही दाखवलं. ती म्हणाली, "तुमची पोरगी बुकात आली म्हणायची!" मी म्हणालो, हो, माझी पोरगी बुकात आली. तो साहेबाचा कागद मी भिंतीवरून उतरवला. त्या जागेवर काही लावलं नाही.

यादी आली त्याच दिवशी कळवणच्या सर्व्हिस मोटारीवरचा फकिरा दुकानात आला होता. बराच वेळ उभा राहिला, गोंडे बघितले, मग म्हणाला, "चाचा, बोलू का नको असं झालंय. तिकडं बाजारात लोकं वंगाळ बोलत्यात. म्हनं नाशिकची पोरगी गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला जायची. घरातबी कोनी तिच्याशी धड बोलत नाय." मी त्याला पाणी दिलं आणि दुकान बंद केलं. आठ महिन्यांत तू मला यातलं एक अक्षर लिहिलं नाहीस. तुझ्या बापाला खाली बघावं लागू नये म्हणून तू गप्प राहिलीस, जशी त्या डबीच्या वेळी राहिली होतीस.

निसारभाई, सलाम. इथून पुढचं तुमच्यासाठी आहे, आणि खरं म्हणजे मागचंही सगळं तुमच्यासाठीच होतं. घरची टपाल तुमच्या कापडाच्या दुकानावर येते, तुम्ही वाचता आणि मग आत पाठवता, हे मला ठाऊक आहे. तुम्ही तिचे सासरे, घरातले वडील, त्यात माझी काही तक्रार नाही. अमिनाला यातलं काही सांगायची गरज नव्हती, तिनं ते केलंय. सोयरीक ठरवताना तिच्या सासूबाई जैतुनबींनी मला विचारलं होतं, मुलीला काय काय येतं, आणि मी म्हणालो होतो, रोटी, शिवण आणि कुराणशरीफ. लपवलं ते मी. निघताना "सासरी याचं नाव काढू नकोस" असं बजावून तिची हत्यारं ठेवून घेतली तीही मी. ती साहेबाच्या बंगल्यावर एकदाच गेली, दिवसाउजेडी, बापाबरोबर, आणि बापाची लाज राखायला गेली. येत्या बाजाराच्या दिवशी मी फकिराच्या मोटारीनं कळवणला येतोय. ज्याला ऐकायचं असेल त्याला भर बाजारात हे सगळं सांगेन, तुमच्या ओट्यावर उभा राहून सांगेन. तिची हत्यारं बरोबर आणतोय. ती उघडायची की माझ्याबरोबर परत पाठवायची, ते तुमच्या घरात ठरेल. जावई सलाउद्दीन सुजाण आहे, तुम्हीही आहात. फक्त ठरवण्याआधी तिला विचारा. तिचं काम मी न विचारता माझ्या नावावर घेतलं आणि न विचारताच बंद केलं. ती काय म्हणाली असती ते मला आजपर्यंत माहीत नाही.

तुझाच,
अब्बा
(रहेमान पटवेकरी)